डबा घट्ट बंद केला, तरी पेटणारा गॅस का येत नाही?

प्रश्न इंदूरच्या सुदामानगरातल्या एका ताईंचा आहे. गच्चीवर २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम ठेवून त्या रोजचा ओला कचरा त्यात टाकत गेल्या: भाजीची देठं, फळांची सालं, उरलेला भात, सकाळचे पोहे. झाकणाला रबर लावून ते घट्ट बसवलं आणि वरून एक नळी काढली. महिना होत आला. झाकण फुगतं, नळीतून वायू येतो, पण काडी धरली की पेटत नाही. आत आंबट आणि खवट वास आहे, आणि कचरा बराचसा टाकला तसाच दिसतो. ताई विचारतात, हवा बंद केली की कचरा कुजून गॅस होतो असं ऐकलं होतं, मग माझ्याकडे काय बिनसलं? आणि आपल्या देवगुराडियाच्या, ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या प्लांटला जे जमतं ते माझ्या ड्रमला का जमू नये?

ताई, तुमच्या ड्रममध्ये जे झालं ते नियमाला धरूनच झालं. हवाबंद जागेत कचरा कुजवणारे जंतू एका प्रकारचे नसतात. एकाचं उष्टं दुसऱ्याने खायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याने, असे एकापाठोपाठ चार गट लागतात. तुमच्याकडे पहिल्या दोन गटांनी जोमाने काम केलं, तिसरा अडखळला आणि चौथा, म्हणजे मिथेन हा पेटणारा वायू बनवणारा, जवळजवळ नव्हताच. हवा बंद करणं ही अट आहे, पण तेवढ्याने काम होत नाही. आंबट करणारे आणि आंबटपणा खाऊन टाकणारे यांचा वेग जुळला पाहिजे. माझा सगळा धंदा या एका जुळणीवर चालतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी हवेचं काय ते पाहू. खताच्या उघड्या ढिगात जंतूंना ऑक्सिजन मिळतो. साखरेचा एक रेणू ते कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत पुरता जाळतात आणि त्यातली जवळजवळ सगळी ऊर्जा मोकळी होते. म्हणून चांगल्या ढिगात हात घालवत नाही, ६० ते ६५ अंशांपर्यंत तो तापतो. तुमच्या ड्रमला बाहेरून हात लावून बघा, गारच लागेल. हवा नसली की त्याच साखरेतून जंतूंच्या वाट्याला सात भागांतला जेमतेम एक भाग येतो. बाकीचे सहा भाग मिथेनमध्ये तसेच शिल्लक राहतात आणि शेगडीवर आपण जाळतो ते हेच. म्हणजे गॅस मिळण्याचं कारण आणि काम रेंगाळण्याचं कारण एकच आहे. आतले जंतू कायम अर्धपोटी असतात. अर्धपोटी जंतू हळू वाढतात, आणि म्हणून हवाबंद टाकी बिघडायला दोन दिवस लागतात, सुधारायला दोन महिने.

आता एकेक गट. पहिल्याचं काम मोठे रेणू तोडायचं. जंतूला भाताचं शीत गिळता येत नाही, तो आपला पाचकरस बाहेर सोडतो आणि विरघळलेलं आत ओढून घेतो. भात, पोहे, बटाटा यांतला स्टार्च एक-दोन दिवसांत फुटतो. कोबीच्या पानाचं, मेथीच्या देठाचं सेल्युलोज काही आठवडे घेतं. लाकूडपणा देणारं लिग्निन मात्र हवाबंद जागेत जवळजवळ फुटतच नाही. ते तोडायला बुरशी लागते आणि बुरशीला ऑक्सिजन. म्हणून आंब्याची कोय, नारळाची शेंडी, भुट्टा किसल्यावर उरलेला दांडा अशा वस्तू ड्रममध्ये टाकू नका, वर्षानंतरही तशाच निघतील. गराडू या कंदाची जाड सालं काढून टाकली तर उत्तम, टाकायचीच असतील तर बारीक करून.

दुसरा गट त्या साखरेपासून आणि प्रथिनांपासून आम्ल बनवतो. ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक, लॅक्टिक. ड्रम उघडल्यावर नाकात झोंबतो तो आंबट वास ॲसिटिकचा आणि मागून येणारा जुन्या लोण्यासारखा खवट वास ब्युटिरिकचा. याच टप्प्यावर भरपूर कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सुटतो. तुमचं झाकण फुगवणारा वायू हाच. त्यात कार्बन डायऑक्साइड इतका असतो की काडी विझते. झाकण फुगलं म्हणजे गॅस तयार झाला, ही समजूत मला घरोघरी भेटते. फुगणं हे दुसऱ्या गटाचं लक्षण आहे, ज्वाला हे चौथ्याचं.

हे आम्लवाले जंतू भलतेच चपळ. खायला मिळालं तर काही तासांत दुप्पट होतात. तुम्ही रोज भात, पोहे, केळ्याची सालं देत गेलात, त्यांनी रोज आम्ल ओतलं, आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), सातावरून पाच, पाचावरून चारच्या आसपास उतरला. एवढ्या आंबट पाण्यात आम्ल बनवणाऱ्यांचंही काम थंडावतं. कचरा तसाच दिसतो तो यामुळे. शेतकरी मका कापून, दाबून, हवा काढून मुरघास करतात तेव्हा त्यांना नेमकं हेच हवं असतं: लॅक्टिक आम्लाने पीएच चारपर्यंत नेला की चारा महिनोन्‌महिने टिकतो. तुमच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचा मुरघास तयार झाला आहे.

तिसरा गट सगळ्यात कमी बोलला जातो आणि मला तोच सगळ्यात विलक्षण वाटतो. प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ल मिथेन बनवणाऱ्यांना थेट खाता येत नाही. आधी कोणीतरी त्याचं ॲसिटिक आणि हायड्रोजन करून द्यावं लागतं. अडचण अशी की हायड्रोजन साठू लागला की ही क्रिया पुढे जातच नाही, करणाऱ्या जंतूच्या पदरी ऊर्जा पडण्याऐवजी पदरची जाते. प्रोपिऑनिक आम्ल फुटायला हायड्रोजनचं प्रमाण दहा हजारांत एका भागाच्याही खाली राहावं लागतं. इतकं कमी ते राहतं एकाच रीतीने: शेजारी बसलेल्या मिथेनवाल्या जंतूने तो हायड्रोजन तयार होताक्षणी खाऊन टाकला तर. दोघं एकमेकांना चिकटून राहतात, कारण अंतर वाढलं की दोघांचंही जेवण बंद.

ही जोडी इतकी घट्ट असते की शास्त्रज्ञही फसले होते. अल्कोहोलपासून मिथेन बनवणारा एक जंतू प्रयोगशाळांत कित्येक वर्षं वाढवला जात होता, एकच जात समजून. १९६७ साली अमेरिकेत मार्विन ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोन वेगळे जीव आहेत. एक अल्कोहोल खाऊन हायड्रोजन सोडतो, दुसरा तो हायड्रोजन घेऊन मिथेन करतो. वेगळं केल्यावर पहिल्याची वाढ हायड्रोजन साठताच खुंटली. टाकी सारखी जोरजोराने घुसळू नका असं मी सांगतो त्यामागे हेच आहे. हलकं ढवळणं चांगलं, मिक्सर लावल्यासारखं घुसळणं या जोड्या फोडतं.

चौथा गट मिथेन बनवणाऱ्यांचा. हे दिसायला जीवाणूंसारखे असले तरी जीवाणू नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी त्यांच्या आरएनएवरून दाखवलं की ही सजीवांची वेगळीच शाखा आहे, आज तिला आर्किया म्हणतात. ऑक्सिजन त्यांना विषासारखा. पीएच ६.८ ते ७.५ च्या दरम्यान लागतो. आणि वाढ अत्यंत संथ. काही जाती दोन दिवसांत दुप्पट होतात, ॲसिटिकच्या कणाकणावर जगणाऱ्या काहींना आठवडाही लागतो. टाकीतल्या मिथेनपैकी साधारण दोनतृतीयांश ॲसिटिक आम्लातून येतो, बाकीचा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडमधून. तासांत दुप्पट होणारे एका बाजूला आणि दिवसांत दुप्पट होणारे दुसऱ्या बाजूला. तुम्ही कचरा किती टाकायचा हे या दुसऱ्या बाजूने ठरतं, पहिल्या बाजूने कधीच नाही.

हे जंतू येतात कुठून? तलावाच्या तळच्या गाळात असतात. इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये माजिओरे तलावाकाठचा गाळ काठीने ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखवले, मिथेनची ओळख तिथून झाली. आपल्या सिरपूर किंवा बिलावली तलावाच्या काठी उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळात काठी खुपसून पाहा, तेच बुडबुडे येतील. पण घरासाठी सगळ्यात हाताशी असलेला साठा म्हणजे शेण. गाईच्या पहिल्या पोटात हवा नसते आणि तिथे हे सगळे गट राहतात. गंमत अशी की गाईच्या पोटात पहिले दोन टप्पे झाले की तयार झालेली आम्लं गाय स्वतःच रक्तात शोषून घेते, तिचं बहुतेक पोषण त्यावरच होतं. म्हणून तिथला मिथेन मुख्यतः हायड्रोजनमधून होतो आणि ढेकरांवाटे बाहेर पडतो, एका गाईचा दिवसाला काही शे लिटर. आपल्या टाकीत आम्लं शोषणारी गाय नाही. ती सगळी जंतूंनीच संपवायची, त्यामुळे वेळ अनेक पटींनी जास्त. तुमच्या ड्रमात शेण नव्हतं, म्हणजे चौथ्या गटाचं बियाणंच पडलं नव्हतं. भाजीच्या देठाबरोबर मातीतून दोन-चार जंतू आले असतील, तेही आम्लात टिकले नाहीत.

शेणाचा आणखी एक गुण कमी जणांना माहीत असतो. मिथेन बनवणाऱ्यांच्या आत जी यंत्रणा चालते तिला निकेल आणि कोबाल्ट अगदी सूक्ष्म प्रमाणात लागतात. निव्वळ उष्ट्या अन्नावर चालवलेली टाकी सुरुवातीला छान चालते आणि कित्येक महिन्यांनी काही कारण दिसत नसताना आंबट होऊ लागते, ती बहुतेकदा हे धातू संपल्यामुळे. अधूनमधून शेणाचं पाणी टाकत राहिलं की ही वेळ येत नाही. शेणात पीएच सांभाळून धरणारे क्षारही असतात. म्हणून सुरुवात झाल्यावरही आठवड्यातून एकदा पाव किलो शेण पाण्यात कालवून द्या.

आता देवगुराडिया. तिथला गोबर-धन प्लांट १९ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाला तेव्हा दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा होता, त्यातून दिवसाला सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी आणि १०० टन खत मिळावं असा त्याचा हिशेब. भागाकार केला तर टनामागे साधारण ३१ किलो गॅस पडतो. पाण्याने भरलेल्या शहरी ओल्या कचऱ्यातून एवढंच येऊ शकतं आणि हा आकडा खरा वाटावा असाच आहे. नावात गोबर असला तरी पोटात जातो तो मुख्यतः घराघरांतला आणि बाजारांतला ओला कचरा.

त्यांनी कोणती जादू केलेली नाही, तुमच्या ड्रममध्ये जे जे राहिलं ते ते केलेलं आहे. कचरा बारीक दळून पाण्यात कालवतात, म्हणजे त्याचा रबडीसारखा पातळ लगदा होतो आणि जंतूंना प्रत्येक कणाला चारही बाजूंनी भिडता येतं. आधीच्या टाकीत पहिले दोन टप्पे होऊ देतात आणि मग तो आंबट झालेला लगदा मोठ्या हवाबंद टाकीत, म्हणजे डायजेस्टरमध्ये, थोडाथोडा सोडतात. डायजेस्टरचं तापमान, पीएच, आम्ल आणि क्षार यांचं गुणोत्तर मोजत राहतात. आम्ल वाढताना दिसलं की पीएच पडण्याची वाट न पाहता आवक कमी करतात. पीएच हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे, पट्टीवर दिसेपर्यंत आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. बाहेर पडणाऱ्या वायूत मिथेन ५५ ते ६५ टक्के असतो, तो धुऊन-गाळून ९० टक्क्यांच्या वर नेला की गाडीत भरण्याजोगा होतो.

आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट, जिच्याशिवाय प्लांट आठवडाभरही चालला नसता: कचरा घरातच वेगळा होणं. आपल्या कचरागाडीला सहा कप्पे आहेत त्याचं महत्त्व मला डायजेस्टरच्या तोंडाशी उभं राहिल्यावर कळतं. एक प्लास्टिकची पिशवी पंपाच्या पात्यात अडकली की सगळं थांबतं. फिनेलची अर्धी बाटली, औषधांच्या गोळ्या, बॅटरीचे सेल ओल्यात आले तर त्या संथ वाढणाऱ्या चौथ्या गटाचा बळी आधी जातो. ज्या शहरांत मिसळलेला कचरा आणून अशाच टाक्या बांधल्या त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्या, यंत्र सारखंच असूनही. इंदूरच्या गृहिणीने दोन डबे वेगळे ठेवले ते या प्लांटमधलं सगळ्यात मोलाचं यंत्र आहे, हे मी मनापासून लिहितो.

पूर्वी याच देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर कचऱ्याचे डोंगर होते. डोंगराच्या पोटातही हवा पोचत नाही, म्हणून तिथेही हेच चार टप्पे होतात, फक्त बेशिस्तीने. मिथेन गोळा न होता आकाशात जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७ पट जास्त उष्णता अडवतो. आग लागली की आठवडे धुमसते. खाली काळं पाणी झिरपतं. आणि जिथे ओल पोचत नाही तिथे काहीच कुजत नाही. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठाचे विल्यम रॅथ्जी यांनी कचरा टाकून बुजवलेल्या जुन्या जागा खणल्या तेव्हा दशकांपूर्वीची वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली, काही ठिकाणी अन्नही ओळखू येत होतं. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ओला कचरा टाकणारे समजतात की आत आपोआप खत होईल. होत नाही. आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, मग आंबतं, मग थांबतं.

तुमच्या ड्रमकडे वळू. आधी एक सरळ हिशेब सांगतो, म्हणजे नंतर निराशा नको. २०० लिटरच्या ड्रमात दीडशे लिटर लगदा राहील असं धरा. चांगली मुरलेली टाकी दिवसाला फार तर दीड किलो ओला कचरा पचवेल. त्यातून १२० ते १५० लिटर गॅस. घरगुती बर्नरवर तो अर्धा तास चालतो, म्हणजे सकाळचा चहा आणि वरणाचा कुकर. एलपीजीत मोजलं तर रोजचे ६०-६५ ग्रॅम, १४.२ किलोचं सिलिंडर भरून निघायला सात-आठ महिने. वर्षाला दीड सिलिंडर. पैशासाठी करत असाल तर करू नका. चार माणसांच्या घराला कंपोस्टची कुंडी सोपी आणि पुरेशी आहे, माझं मत विचाराल तर मी तेच सुचवीन. भोजनालय, वसतिगृह, मंगल कार्यालय, गोशाळा, जिथे रोज पन्नास किलोच्या पुढे अन्न उरतं तिथे मात्र हवाबंद टाकीच हवी, ढीग लावून तिथे भागत नाही. पण तुम्हाला स्वतःच्या घरी स्वतःच्या कचऱ्याची निळी ज्योत बघायची असेल तर ती हौस मला पुरती समजते, आणि ती भागवता येते. पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली स्टार्चयुक्त खरकट्यावर चालणारं छोटं घरगुती संयंत्र बनवलं आणि २००६ मध्ये त्याला ॲश्डेन हा पर्यावरणपूरक ऊर्जेसाठीचा पुरस्कार मिळाला. देहूचे डॉ. सुहास मापुसकर यांनी तर शौचालय आणि बायोगॅस जोडून गावात वर्षानुवर्षं काम केलं, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. छोटं असणं हा या कामाचा दोष नाही.

रचनेत दोन बदल करा. कचरा टाकायला रोज झाकण उघडता ते थांबवा. झाकणातून चार इंची पाइप असा उतरवा की त्याचं खालचं तोंड लगद्यात हातभर बुडालेलं राहील, वरून कचरा टाका, हवा आत जाणार नाही आणि गॅस बाहेर येणार नाही. लगद्याची वरची पातळी जिथे हवी त्या उंचीवर बाजूला एक ओव्हरफ्लो ठेवा, त्याचं आतलं तोंडही लगद्यात बुडालेलं असू द्या. दुसरं, गॅसची नळी कधीही पूर्ण बंद ठेवू नका. तिला एक फाटा काढून तो पाण्याच्या बाटलीत १० ते १५ सेंटिमीटर बुडवून ठेवा. दाब त्यापेक्षा वाढला की वायू बुडबुड्यांनी निघून जाईल. फुगलेलं झाकण हे ड्रमने दिलेलं इशाऱ्याचं चिन्ह आहे, हे ड्रम दाब धरायला बनलेले नसतात. गॅस साठवायला ट्रॅक्टरची जुनी ट्यूब किंवा पाण्यात तरंगणारं उलटं पिंप वापरा.

आता आग आणि विष. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की स्फोटक होतो. नव्या टाकीतल्या पहिल्या गॅसमध्ये उरलेली हवा असते, म्हणून पहिलं एक-दोनदा साठलेलं सगळं उघड्यावर सोडून द्या. ड्रमच्या तोंडाशी काडी कधीच धरू नका. ट्यूबमध्ये गॅस भरा, ती ड्रमपासून तोडून लांब न्या, मग बर्नरवर तपासा. ज्योत निळी आणि दिवसा जेमतेम दिसणारी असेल तर गॅस चांगला. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, तो कोबी, कांदा, अंडी यांतल्या गंधकापासून होतो. थोडा असला तर लेथवर निघणारा लोखंडी कीस गंजवून एका बरणीत भरा आणि गॅस त्यातून जाऊ द्या, गंज गंधक धरून ठेवतो. जास्त असला तर तो जीव घेतो, आणि फसवा असा की प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वास येणंच बंद होतं. आपल्याकडे सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं मरतात ती बहुतांशी यानेच आणि ऑक्सिजन नसल्याने. ड्रम रिकामा करताना डोकं आत घालू नका, आणि मुलांना गच्चीवर येऊ देऊ नका.

बहुतेक जण सांगतील की चुना किंवा खायचा सोडा टाका, पीएच वर येईल. थोडं आंबट झालेल्या चालू टाकीला सोड्याने फायदा होतो हे खरं. पण तुमच्या ड्रममध्ये लिटरमागे दहा ग्रॅम आम्ल असेल असं नुसतं धरलं, तरी शंभर लिटरला सव्वा ते दीड किलो सोडा लागेल, आणि एवढं सोडियम पुन्हा त्याच चौथ्या गटाला बाधतं. चुना जास्त पडला तर एकदम उलटी बाजू. मुळात जंतूच नसतील तर पीएच सुधारून उपयोग कोणाला? म्हणून मी तुमचा आंबट माल वाचवा म्हणेन, पण त्याच्यावर नवी टाकी उभी करू नका.

असं करा. तो माल झाकणाच्या बादल्यांमध्ये काढून ठेवा, बिघडायची भीती नाही, पीएच चारला आहे तोवर टिकेल. ड्रम धुऊन घ्या. गोशाळेतून ६० किलो ताजं शेण आणा, तेवढंच पाणी घालून गुठळ्या राहणार नाहीत असं कालवा आणि ड्रममध्ये ओता. पाणी नळाचं असेल तर एक रात्र उघडं ठेवून मग वापरा. जवळपास कुणाची चालू टाकी असेल तर तिच्यातून निघणारी दोन बादल्या स्लरी, म्हणजे पचलेला पातळ लगदा, मिळवा, तिचं मोल शेणापेक्षाही जास्त. मग कचरा अजिबात न टाकता थांबा. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत ज्योत धरेल. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र दहा अंशांखाली जाते तेव्हा सुरुवातच करू नका, १५ अंशांच्या खाली हे जंतू जवळजवळ झोपतात. ड्रम काळा रंगवून दक्षिणेच्या उन्हात ठेवा, थंडीत भोवती गवताच्या पेंढ्या बांधा.

गॅस पेटू लागला की बादलीतला तो आंबट माल मिक्सरमधून काढून रोज एक पेला टाकायला लागा. पहिल्या दोन टप्प्यांचं काम त्यात झालेलं आहे, म्हणजे नव्या टाकीला तो तयार घास आहे, फक्त घोट लहान हवा. आठवडाभर ज्योत तशीच राहिली तर दोन पेले. ओव्हरफ्लोतून येणाऱ्या पाण्यात रोज पीएचची पट्टी बुडवा. सातच्या आसपास असेल तर पुढे जा, ६.७ ला आला तर टाकणं बंद करा आणि तो परत सातला येईपर्यंत काहीही देऊ नका, मग चार दिवस लागोत की दहा. जुना माल संपला की ताजा कचरा चिरून, समभाग पाण्यात कालवून, २०० ग्रॅमपासून सुरू करा आणि दोन महिन्यांत किलो-दीड किलोपर्यंत न्या. संत्र्या-मोसंबीची सालं वेगळी ठेवा, त्यांतलं तेल जंतूंना बाधतं. सेव-नमकीन तळलेलं जुनं तेल चमचाभर चालेल, वाटीभर नाही, त्याची साय वर धरते. पनीर, डाळ, अंडी यांचा भरणा झाला की अमोनिया वाढतो, त्यांच्याबरोबर भाजीचा पाला जास्त द्या.

ओव्हरफ्लोतून निघणारी स्लरी फेकू नका. गॅसमधून गेलं ते कार्बन आणि हायड्रोजन. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश सगळं त्या पाण्यातच आहे. पाचपट पाणी घालून संध्याकाळी कुंड्यांना द्या आणि लगेच मातीआड करा, उन्हात वाळवलीत तर नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जाईल. तुळस आणि कढीपत्त्याला पंधरवड्यातून एकदा पुरे.